भाचीच्या दातांवरची साय

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. घरात कागद आला की तो वाचायला शाळेतलं पोर लागायचं, आणि बरीच वर्षं ते पोर मीच होतो. त्यामुळे दुसऱ्यानं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची मला सवय आहे. स्वतः लिहून दुसऱ्याच्या हातात देणं पहिल्यांदाच करतोय. त्यात विषय असा, की सांगतानाही संकोच वाटतो. नव्यानं उगवलेल्या दातावर एक आवरण असतं, दुधावरच्या सायीपेक्षाही पातळ. काही दिवस राहतं आणि कुणाच्या लक्षात न येता झिजून जातं. एवढ्याशा गोष्टीवर पानंच्या पानं का लिहायची, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एवढंच सांगता येईल, की या सायीपायी मी माझ्या भाचीच्या हिरड्यांतून रक्त काढलं. तेही तिला हात न लावता, नुसत्या बोलण्यानं.

मी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे डॉक्टर नाही. हे मी आता सगळ्यांना आधीच सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो.

आमचं गाव दिंद्रुडपासून चालत तासाभराच्या अंतरावर. मला एकच बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला मी अक्का म्हणतो. तिची पोरगी आमच्याच घरी जन्मली, तेव्हा मी सातवीत होतो. पोरगी आठ महिन्यांची झाली आणि तिला दात आले ते वरचे आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाळाला खालचे दात आधी यावेत असं आमच्याकडे समजतात. बहुतेकांना तसेच येतात. वरचे आधी आले तर ते मामाला जड, म्हणजे मामाच्या जिवाला धोका. त्यावर आमच्या घरी एक उपाय करतात. मामानं बाळाच्या तोंडाकडे सरळ बघायचं नाही. ताटात तेल ओतायचं, बाळाला ताटावर धरायचं आणि मामानं ते दात पहिल्यांदा तेलात बघायचे. मग भीती उरत नाही.

दात आधी माझ्या आईच्या बोटाला टोचले. त्यानंतर दोन दिवस मला बाळाजवळ येऊ दिलं नाही. शाळेतून आलो की मागच्या दारानं आत जायचं, भिंतीकडे तोंड करून जेवायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं पोरीला पितळी ताटावर पालथी धरली. करडीचं तेल होतं. मी वाकलो. तेलात आधी माझंच तोंड दिसलं, मग तिचं. ती मला बघून हसली आणि तिच्या लाळेची तार तेलात उतरली. वरच्या हिरडीत तांदळाच्या कण्यांसारखे दोन दात होते.

आईनं विचारलं, "बघितलेस का दोन्ही?"

"बघितले."

"मग झालं. आता तुला काय व्हत न्हाई."

मला खरंच वाटलं होतं की आपल्यावरचं काहीतरी टळलं. त्या दिवशी मी शाळेत मित्रांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दिवसभर हात लावून बघितलं.

पुढे अक्का आणि दाजी ऊसतोडीला जायला लागले. वर्षातले पाच-सहा महिने ते फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानात असतात, पोरगी त्यांच्याबरोबर. मला बारावीनंतर बीडला प्रवेश मिळाला. घरी सगळ्यांना 'दाताचा डॉक्टर' एवढंच कळलं, आणि मीही तेवढ्यावर थांबलो.

पहिल्या वर्षी आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. प्रत्येक दाताची लांबी, रुंदी, उतार ठरलेला असतो. वर्गातल्या पुष्कळ मुलांना ते जड गेलं. मला गेलं नाही. मी लहानपणापासून वडिलांच्या कोयत्याला कानस लावत आलो होतो, त्यामुळे कुठं थांबायचं ते हाताला कळत होतं. वर्गात बोलताना माझी जीभ अडखळायची, मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजी शब्द तोंडात येत नसत. पण कोरायला बसलो की माझं टेबल बघायला चार जण यायचे. त्यातला वरचा पुढचा दात सगळ्यांत चांगला जमला होता. दुसऱ्या वर्षी दिवाळीला तो मी रुमालात गुंडाळून गावी नेला.

ऊसतोडीची टोळी निघायला चार दिवस होते. अक्का, दाजी, भाची सगळे आमच्या घरी आले होते. भाचीला तेव्हा सातवं संपत आलं होतं. तिचे वरचे पुढचे दोन्ही दुधाचे दात पडले होते आणि त्या खिंडीतून ती जीभ बाहेर काढून दाखवायची. मी अंगणात सगळ्यांना बसवलं, मेणाचा दात हातात धरला आणि बोलायला लागलो. वर्गात कधी बोललो नव्हतो इतकं बोललो. दातावर खाल्लेलं चिकटतं, त्याचा थर बसतो, त्यात जंतू राहतात, दात किडतो. मी सगळ्यांसाठी ब्रश आणले होते, ते वाटले.

आई मिसरी लावते. ती म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून घासतीय मी. एक तरी पडलाय का?"

दाजींनी ब्रश उलटासुलटा करून बघितला. "आन् मेव्हणे, फडावर ह्यो हरवला तर?"

"मग बोटानं घासा," मी म्हणालो. "पण जोर लावून घासा. दाताचा रंग बदलला की समजायचं, घासण्यात कसर हाय."

हे शेवटचं वाक्य मी लिहूनच ठेवलं आहे, कारण ते मला विसरायचं नाही. त्या वेळी ते बोलून मला बरं वाटलं होतं. अक्का ऐकत होती. तिनं शाळा सोडली तेव्हापासून कुणाचं इतकं लक्ष देऊन ऐकताना मी तिला बघितलं नव्हतं.

निघताना भाचीनं मेणाचा दात मागितला. मी दिला.

संक्रांतीला मी दाजींच्या मोबाईलवर फोन लावला. त्या वर्षी त्यांची टोळी कडा गावाच्या बाजूला उतरली होती. अक्का बोलली, दाजी बोलले, ऊस कसा आहे, थंडी किती आहे, सगळं सांगितलं. भाचीला द्या म्हटलं की कुणीतरी विषय बदलायचं. खेळायला गेलीय. झोपलीय. मी म्हणालो, भरदुपारी झोपली? अक्का म्हणाली, पोरं झोपत्यात कधीबी.

दोन दिवसांनी दाजींच्याच नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. पलीकडे भाची होती. आईबाप ट्रक भरायला गेले होते आणि मोबाईल कोपीत, म्हणजे त्यांच्या पाल्याच्या झोपडीत, राहिला होता. मी चेहरा दाखव म्हणालो तर तिनं मोबाईल कोपीच्या छताकडे केला. मला नुसता वाळका पाला दिसत होता आणि तिचा आवाज ऐकू येत होता.

"मामा, तुला बरं हाय का?"

"हाय की. कावून?"

तिचा आवाज बारीक झाला. मग म्हणाली, "माझे वरचे दात हिरवे निघाले. म्हातारी म्हणती, वरचे नासके निघाले तर मामाचं खरं न्हाई. आई म्हणती मामाला सांगू नको. मी दात काढून टाकू का?"

म्हातारी म्हणजे शेजारच्या कोपीतली बाई, तिनं गमतीनं म्हटलं की मनापासून, ते मला आजही माहीत नाही.  मी म्हणालो, मला काही होत नाही, तू फक्त दात दाखव. तिनं मोबाईल खाली आणला, पण तोंडावर हात होता. मी पुष्कळ विनवल्यावर हात जरा खाली गेला आणि परत वर आला. तेवढ्यात मी स्क्रीनचा फोटो काढला.

त्या फोटोत दोन नवे दात अर्धे बाहेर आलेले दिसत होते. हिरडीच्या कडेनं दोन्हींवर शेवाळासारखी हिरवी कोर होती. हिरडी लाल, सुजलेली. कीड म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलं होतं आणि ही कीडच आहे असं मला वाटलं. पोरीनं पुढं सांगितलं, आई रोज दोन वेळा पाचटाच्या राखेनं घासती. मामानं सांगितलंय म्हणून. जोरात घासती. रक्त येतं.

पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर मागे राहणारा वाळका पाला. त्याची राख फडावर भांड्यांना लावतात. करपलेलं पातेलं तिनं लख्ख निघतं.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो घेऊन मॅडमकडे गेलो. त्या आम्हाला लहान मुलांच्या दातांबद्दल शिकवतात. मी त्यांच्याशी आधी कधी एकटा बोललो नव्हतो. दाराशी दोनदा जाऊन परत आलो होतो. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "ही हिरडी कुणी सोलवटली?"

मी म्हणालो, माझ्या बहिणीनं. मग म्हणालो, माझ्या सांगण्यावरून.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. दात हिरडीच्या आत तयार होत असतो तेव्हा त्याच्यावर कठीण कवच चढवणाऱ्या पेशी असतात. कवच पुरं झालं की त्यांचं काम संपतं. पण त्या लगेच जात नाहीत. त्या चपट्या होऊन दाताला चिकटून राहतात आणि दातावर एक शेवटचं पातळ पांघरूण घालतात. दात हिरडीतून वाट काढत वर येतो तो हे पांघरूण घेऊनच. बाहेर आल्यावर चावून, जिभेनं, ओठानं ते झिजून जातं. तोवर मात्र त्याच्यावर रंग चटकन धरतो. कधी हिरवा, कधी तपकिरी. हिरडीतून रक्त येत राहिलं तर त्यानंही तो रंग वाढतो असं मानतात. म्हणजे अक्का जितकी घासत होती तितकं रक्त येत होतं, आणि जितकं रक्त तितका रंग, आणि जितका रंग तितकी अक्का घासत होती.

"शिवाय नवा दात अजून पक्का झालेला नसतो," मॅडम म्हणाल्या. "तोंडात आल्यावरही तो मुरत असतो. त्याच्यावर राख?"

मी विचारलं, म्हणजे ही कीड नाही?

"फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. तसं वाटत नाही, एवढंच. तू स्वतः जाऊन बघ. टोकदार काही लावू नकोस. ओल्या फडक्यानं पूस आणि छोट्या आरशात बघ. खड्डा नसेल, पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर राख बंद करा आणि हिरडीला विश्रांती द्या. दोन महिन्यांनीही गेलं नाही तर तिला इथं घेऊन ये."

दारातून बाहेर पडताना त्यांनी मला परत हाक मारली. "बहिणीला काय सांगणार आहेस?"

मी म्हणालो, राख लावू नको म्हणून.

"त्याच्या आधी काय सांगणार आहेस?"

मला कळलं त्या काय म्हणताहेत.

रविवारी सकाळी नगरच्या गाडीनं कड्याला उतरलो. तिथून फडाकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवर बसलो. कोप्यांपाशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि टोळी नुकतीच परत आली होती. दाजी कोपीच्या बाहेर कोयत्याला कानस लावत बसले होते. मला बघून उठले नाहीत, हसले.

"या डॉक्टरसाहेब. आधी ह्या कोयत्याचे दात बघा. खडकावर बसला, दोन पडलेत."

अक्का चुलीपाशी होती. मला बघून तिचं तोंड उतरलं. तिला कळलं की मला कळलंय. भाची कोपीच्या आत पळाली. तिचं शाळेचं दप्तर आत मेढीला टांगलेलं होतं, त्याच्याखाली ती आमच्याकडे पाठ करून बसली.

पाणी प्यायलो. चहा झाला. मग अक्कानंच सांगितलं. दात हिरवे निघताना बघून ती घाबरली. ब्रश पहिल्याच आठवड्यात कुठंतरी पडला. तिनं राखेनं घासायला घेतलं. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा. टोकाला उजळले, पण हिरडीजवळचा रंग जाईना. आठवडी बाजारात दात बघणारा एक माणूस बसतो, त्याच्या पुढ्यात बाटलीत उपटलेले दात ठेवलेले असतात. त्यानं सांगितलं होतं, वरचा नासका थर कानशीनं काढून देतो, नाही निघाला तर उपटू. पुढच्या बाजाराला पोरीला न्यायचं ठरलं होतं. पोरगीही तयार होती. तीच मागं लागली होती.

मला बोलायचं होतं ते मी गाडीत पाठ केलं होतं, पण ते सगळं विसरलो.

अक्का म्हणाली, "दिवाळीला तूच म्हणलास ना, रंग बदलला की घासा म्हणून?"

"म्हणलतो."

"मग मी तेच केलं. रडली तरी केलं. दोन हातात धरून केलं."

"अक्का, मी चुकीचं सांगितलं. नव्या दाताचं मला तवा ठाऊक न्हवतं."

तिनं हात पदराला पुसले. तिच्या हाताला राखेचा काळपटपणा तसाच होता. आमच्या घरात मी चुकलो असं मी पहिल्यांदाच म्हणत होतो. शाळेत होतो तेव्हापासून कागदावर काय लिहिलंय ते मी सांगायचो आणि ते सगळ्यांनी खरं मानायचं, असंच चालत आलं होतं.

"आता ठाऊक हाय?" तिनं विचारलं.

"आता थोडं ठाऊक हाय."

"थोडं?"

दाजींनी कानस थांबवली. "थोडं म्हणतोय म्हंजी खरं बोलायलाय," ते म्हणाले. "बाजारातला तर म्हणतो मला सगळंच ठाऊक हाय."

मग मी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पांघरुणाचं सांगितलं. अक्कानं मध्येच विचारलं, म्हणजे पोरं जन्मतात तेव्हा अंगावर पांढरं असतं तसं? मी म्हणालो, अगदी तसं नाही, पण तसंच समज. तिनं मान हलवली. जन्मलेल्या बाळाच्या अंगावरचं ते पांढरं खरवडून काढायचं नसतं हे तिला माहीत होतं. तिला ते माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त पटलं असावं.

पण दात बघितल्याशिवाय माझंच मला खरं वाटत नव्हतं, आणि भाची वळायला तयार नव्हती. मी आत गेलो की ती दोन्ही हात तोंडावर धरायची. "तू बघू नको," एवढंच म्हणायची. मी समजावलं, दाताचा आणि मामाचा काही संबंध नसतो, मी तेच शिकतोय. तिनं मान हलवली. माझं शिकणं तिच्या काही कामाचं नव्हतं.

अक्का बाहेरूनच म्हणाली, "तेलात बघ आधी. त्याशिवाय ती तोंड उघडायची न्हाई."

 मला लाज वाटली. शहरात पांढरा कोट घालून बसणारा मी, इथं कोपीत ताटात तेल ओतून दात बघणार, हे कुणी बघितलं तर काय म्हणेल असं मनात आलं. मग वाटलं, इथं आहे कोण? आणि जिला बघायचं आहे ती सात वर्षांची आहे, आणि गेला महिनाभर ती माझ्या जिवाच्या काळजीनं स्वतःचे दात लपवते आहे.

"ताट आण," मी म्हणालो. "पण अक्का, मी हे करतो. तू राख बंद करायची आणि बाजारातल्याकडं न्यायचं न्हाई. शिमग्यापर्यंत थांब. तवर गेलं न्हाई तर मी स्वतः तिला बीडला नेतो."

अक्कानं दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "शिमग्यापर्यंत."

स्टीलचं ताट होतं. बाटलीतलं गोडं तेल अक्कानं जरा जपूनच ओतलं. कोपीच्या तोंडाशी उजेड चांगला येत होता, तिथं ताट ठेवलं. भाची त्याच्यावर वाकली, मी तिच्या शेजारी. तेल हलायचं थांबेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. मग तिनं हात काढले.

एक गोष्ट मला तिथंच सुचली. वरचे दात कॉलेजात आम्हीसुद्धा सरळ बघत नाही. छोट्या आरशात बघतो. आरसा माझ्या खिशातच होता, पण पहिल्यांदा ते दात मी तेलातच नीट बघितले. रुंद, नवे, हिरडीजवळ हिरवी कोर. खालची कड करवतीसारखी, तीन-तीन बारीक उंचवटे असलेली. खड्डा कुठं दिसत नव्हता. तेलात मला तिचे डोळेही दिसत होते. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मला काही होतंय का ते.

"बघितलेस दोन्ही?" अक्कानं विचारलं.

"बघितले."

"मग झालं, माय," ती पोरीला म्हणाली. "मामाला आता काय व्हत न्हाई."

त्यानंतर तिनं आरशात बघू दिलं, ओल्या फडक्यानं पुसूही दिलं. गुळगुळीत होते. मला हायसं वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही, कारण माझी खात्री अजूनही थोडीच होती. मी एक मऊ ब्रश देऊन आलो, मिठाच्या पाण्याच्या चुळा सांगितल्या. निघताना भाची मेणाचा दात घेऊन आली. तिनं तो आपल्या दाताशेजारी धरला आणि म्हणाली, तुझा लई सरळ हाय. मी म्हणालो, तुझे अजून वर यायचेत.

पुढे महिनाभर सगळं ठीक होतं. हिरडीची सूज उतरल्याचं अक्कानं सांगितलं. रंगाचं विचारलं की म्हणायची, हाय तसाच. मग टोळी दुसऱ्या फडावर गेली आणि दाजींचा फोन लागेनासा झाला. आईला विचारलं तर तिलाही काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, मोबाईल पाटात पडलाय म्हणून कुणीतरी सांगत होतं.

परीक्षा जवळ आली होती. पुस्तकात त्या आवरणावर जेमतेम अर्धं पान आहे. ते अर्धं पान मी इतक्या वेळा वाचलं की डोळे मिटून दिसायचं. त्यात लिहिलेलं सगळं खरं असणार. पण माझ्या भाचीचे दात त्या अर्ध्या पानातलेच आहेत, हे कशावरून? तेलात आणि छोट्याशा आरशात दुसऱ्या वर्षाच्या मुलानं बघितलेलं. कीड आत असेल तर? मी थांब म्हणालो म्हणून दोन महिने वाया गेले तर? आणि अक्का खरंच थांबली असेल का? एकदा चुकलेल्या माणसाचं दुसऱ्यांदा कोण ऐकतं? बाजार तर दर आठवड्याला भरतो.

मॅडम मला जिन्यात भेटल्या की विचारायच्या, काही कळलं? मी मान हलवायचो. एकदा त्या म्हणाल्या, काळजी वाटणं चांगलं आहे, पण ती काळजी पेशंटला दाखवायची नसते, आणि स्वतःपासून लपवायचीही नसते. मी ते वहीत लिहून ठेवलं.

शिमगा आला. फोन नाही. धुळवड झाली. मी ठरवलं की रविवारपर्यंत वाट बघायची आणि मग परत कड्याला जायचं, टोळी असेल तिथं शोधायची. शनिवारी दुपारी मेसमध्ये ताट घेऊन बसलो होतो, तेव्हा अनोळखी नंबरावरून एक व्हिडिओ आला. टोळीच्या मुकादमाचा मोबाईल असावा. अर्ध्या मिनिटाचाही नव्हता.

आधी ऊस दिसला, मग कुणाचा तरी पाय, मग भाची. हातात हरभऱ्याचे ढाळे होते, तोंडावर हात नव्हता. ती मोबाईलच्या इतकी जवळ आली की तोंडच तेवढं दिसायला लागलं. दोन्ही दात पूर्ण वर आले होते. हिरवी कोर नव्हती. दात जरा पिवळसर होते, पक्के दात असतात तसे, आणि कडेचे तीन-तीन उंचवटे स्पष्ट दिसत होते. तिनं मेणाचा दात त्यांच्या शेजारी धरला. तो आता मळून काळा पडला होता.

"मामा, हिरवं गेलं," ती म्हणाली. "ह्ये बघ, माझ्या दाताला कंगवा हाय. तुझ्या दाताला न्हाई. तू बराबर कोरला न्हाईस."

मग व्हिडिओ हलला, आणि मोबाईल धरलेल्या माणसाच्या मागून अक्काचा आवाज आला.

"त्याला सांग, म्या राखंला हात लावला न्हाई म्हणून."